पाठीवरचा चेहरा

मोबाइलच्या कव्हरकडून दोन कामांची अपेक्षा असते आणि त्या दोन कामांचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो. हातातून निसटलेला फोन शाबूत राहावा हे एक, आणि सगळ्यांच्या हातात सारखीच दिसणारी ती काळी पाटी आपली वाटावी हे दुसरे. पहिले काम प्लास्टिकचे, दुसरे शाईचे. लिओनार्दोची मोनालिसा, व्हर्मीरची मोत्याचे डूल घातलेली मुलगी, व्हॅन गॉगचे आत्मचित्र, क्लिम्टची सोन्यात मढलेली आडेल, फुलांचा गजरा माळलेली फ्रिडा कालो यांपैकी कोणी ना कोणी पाठीवर छापलेले कव्हर युरोपातल्या संग्रहालयांच्या दुकानांत दिसते, तसे आपल्याकडच्या फुटपाथवरही दिसते. दोन्हींच्या किमतीत मोठी तफावत असते. ती कशामुळे पडते हे कळायचे, तर प्लास्टिक आणि शाई ही दोन्ही खाती तपासावी लागतात.

आधी प्लास्टिकचे खाते. फोन पडतो तेव्हा तो पाठीवर किंवा तोंडावर सपाट पडण्याआधी बहुधा एखाद्या कोपऱ्यावर आपटतो आणि काच फुटायला सुरुवात तिथूनच होते. म्हणून चांगल्या कव्हरचे कोपरे जाड असतात, काहींत आतून हवेची पोकळी ठेवलेली असते. पडद्याभोवतीची कड काचेपेक्षा किंचित उंच असते. फोन पालथा पडला तर जमिनीला कड लागावी, काच लागू नये, एवढाच तिचा हेतू. साहित्य बहुधा दोन प्रकारचे. टीपीयू म्हणजे थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेन हे रबरासारखे लवचीक असते आणि धक्का पोटात घेते. पॉलिकार्बोनेट कडक असते. ते धक्का फार शोषत नाही, पण आकार सोडत नाही आणि त्यावर छपाई उत्तम बसते. बऱ्याच कव्हरांत पाठ पॉलिकार्बोनेटची आणि कडा टीपीयूच्या असतात, ते याच कारणाने.

खोक्यावर लिहिलेल्या ‘लष्करी दर्जा’ या शब्दांनी गिऱ्हाईक दबून जाते. त्यांच्यामागे अमेरिकी संरक्षण खात्याचे मिल-एसटीडी-८१० हे मानक असते. त्यातल्या पडण्याच्या चाचणीत वस्तू १२२ सेंटिमीटर उंचीवरून २६ वेळा टाकतात. चौकोनी ठोकळ्याला ६ बाजू, १२ कडा आणि ८ कोपरे असतात; त्यांची बेरीज २६ आणि प्रत्येकाच्या वाट्याला एकदा जमीन. मात्र लष्कर कोणत्याही कव्हरला प्रमाणपत्र देत नाही. उत्पादक स्वतः चाचणी घेतो किंवा एखाद्या प्रयोगशाळेकडून करवून घेतो आणि दावा खोक्यावर छापतो. पाठीवर मोनालिसा असली काय आणि नसली काय, या २६ आपटण्यांत काडीचाही फरक पडत नाही.

फोनला कव्हर हवेच, हे पहिल्यापासून ठरलेले नव्हते. २०१० साली आलेल्या आयफोन ४ला पुढे-मागे दोन्हीकडे काच होती आणि कडेची धातूची पट्टीच अँटेना म्हणून काम करी. फोन हातात विशिष्ट पद्धतीने धरला की सिग्नल खाली जातो, अशी ओरड झाली, तेव्हा ॲपलने त्या वर्षी ग्राहकांना ‘बंपर’ नावाची कडेपुरती रबरी चौकट फुकट वाटली. पुढे २०१७च्या सुमारास वायरलेस चार्जिंगसाठी अनेक महागड्या फोनांची पाठ काचेची झाली. काचेची पाठ झाकणे भागच होते. झाकायचेच तर त्यावर काहीतरी छापावे, हे ओघाने आले. हाँगकाँगमधली केसेटिफाय ही कंपनी २०११ साली लोकांच्या स्वतःच्या इन्स्टाग्रामवरच्या छायाचित्रांची कव्हरे करून देण्यातून उभी राहिली. त्याच कंपनीने २०२१ साली लूव्र संग्रहालयाशी करार करून मोनालिसाची कव्हरे काढली. घरचे फोटो ते लूव्र हा प्रवास दहा वर्षांचा.

जवळ बाळगायच्या वस्तूवर चेहरा असणे ही गोष्ट मात्र फोनपेक्षा कितीतरी जुनी. इंग्लंडमध्ये सोळाव्या शतकात निकोलस हिलियर्ड हा चित्रकार तळहातात मावतील अशी व्यक्तिचित्रे काढी. पातळ चर्मपत्रावर जलरंगात काढलेले हे चित्र पत्त्याच्या पानावर चिकटवून लॉकेटमध्ये बसवत. जहांगीर बादशहा मर्जीतल्या सरदारांना स्वतःचे छोटे चित्र देई. इंग्रज वकील टॉमस रो याला १६१६ साली सोन्याच्या साखळीत अडकवलेली अशी तसबीर मिळाली होती. बेंजामिन फ्रँकलिन फ्रान्समध्ये असताना त्याचा चेहरा तपकिरीच्या डब्यांच्या झाकणांवर आणि अंगठ्यांवरही पोचला. त्याने १७७९ साली मुलीला लिहिलेल्या पत्रात याची गमतीने नोंद केली आहे. या सगळ्या चित्रांत आणि आजच्या कव्हरांत एक मोठा फरक आहे. तेव्हाचा चित्रकार लॉकेटचा किंवा डबीचा आकार डोळ्यांपुढे ठेवून चित्र काढी. कव्हरवरच्या चित्रांपैकी एकही फोनसाठी काढलेले नाही. भिंतीवरचे चित्र खिशातल्या वस्तूवर उतरवायचे, ही या धंद्यातली खरी अडचण आहे आणि तिथेच खरे कसबही लागते.

अडचण अगदी साध्या गणिताची. आजच्या फोनची पाठ ढोबळमानाने १५ सेंटिमीटर लांब आणि ७ सेंटिमीटर रुंद असते, म्हणजे रुंदीच्या दुपटीहून थोडी अधिक लांबी. इतके उभट व्यक्तिचित्र युरोपीय परंपरेत क्वचितच सापडेल. मोनालिसा ७७ बाय ५३ सेंटिमीटरच्या लाकडी फळीवर रंगवलेली आहे. तिची उंची फोनच्या उंचीशी जुळवली, तर रुंदी सव्वादहा सेंटिमीटरच्या आसपास येते. फोनला हवेत सात. म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा कापून टाकावा लागतो. मागची वळणावळणाची वाट, पूल, पाणी यांपैकी बरेच त्यात जाते. ‘मोत्याचे डूल घातलेली मुलगी’ साडेचव्वेचाळीस बाय एकोणचाळीस सेंटिमीटरची, म्हणजे जवळजवळ चौकोनीच; तिथे निम्मे चित्र जाते. क्लिम्टचे आडेल ब्लॉख-बाउअरचे १९०७ सालचे चित्र तर १३८ सेंटिमीटरचा अचूक चौरस आहे. त्यातला निम्म्याहून कमी भाग कव्हरवर मावतो.

यातून वाट काढायच्या दोनच तऱ्हा. एक, कापणे. दुसरी, चित्र पूर्ण ठेवून वर-खाली मोकळी जागा सोडणे किंवा पार्श्वभूमी लांबवणे. व्हर्मीरच्या मुलीच्या मागे काळोख आहे. तो वर आणि खाली दोन-दोन बोटे वाढवला तरी सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. मोनालिसामागचा प्रदेश असा ताणता येत नाही. ताणायचा तर नवे डोंगर रंगवावे लागतात आणि कव्हरांवर तसले बनावट डोंगर पाहायलाही मिळतात. हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयाने २०२० साली जाहीर केलेल्या तपासणीत असे दिसले, की त्या मुलीमागे मुळात हिरवा पडदा होता. काळाच्या ओघात त्या रंगाचे रूप बदलले आणि काळोख उरला. पडदा टिकला असता, तर कव्हरवाल्यांचे काम बरेच अवघड झाले असते. ते नेमक्या कोणा व्यक्तीचे चित्रही नाही. डच चित्रकार निव्वळ चेहऱ्याचा किंवा वेशाचा अभ्यास म्हणून अशी चित्रे काढत. तरी व्यक्तिचित्र म्हणून सर्वाधिक ओळखल्या जाणाऱ्या मोजक्या चेहऱ्यांत तिचा नंबर लागतो.

गणित सुटले की कॅमेरा आडवा येतो. बहुतेक फोनांत तो पाठीच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात असतो आणि महागड्या फोनांत त्याचा चौकोन पाठीची निम्मी रुंदी व्यापतो. व्यक्तिचित्रात चेहरा असतो वरच्या भागात, आणि भोकही तिथेच. सुजाण आरेखक अशा वेळी चेहरा खाली सरकवून पाठीच्या मध्यावर आणतो. घाईत काढलेल्या कव्हरांत व्हॅन गॉगच्या कपाळात किंवा फ्रिडाच्या जुळलेल्या भुवईत भिंग रुतलेले दिसते. काही फोनांत कॅमेऱ्याचे मोठे वर्तुळ वरच्या बाजूला बरोबर मध्यभागी असते, ते तर व्यक्तिचित्राचे वैरीच. २०२०च्या आयफोन १२पासून फोनच्या पाठीत चार्जिंगसाठी चुंबकांचे कडे आले. ते कव्हरमध्येही बसवतात आणि पारदर्शक कव्हर असेल, तर नेमके चित्राच्या गळ्याभोवती उमटते.

इतकी काटछाट होऊनही व्यक्तिचित्र कव्हरवर तग धरते. निसर्गचित्राचा किंवा युद्धप्रसंगाचा एक तुकडा कापला, तर तो कशाचा हे सांगता येत नाही. चेहऱ्याचे तसे नाही. एक डोळा, नाक आणि ओठांचा कोपरा एवढ्यावरही ओळख पटते. म्हणूनच कव्हरसाठी निवडले जाणारे चेहरे थोडेच आणि पुन्हा पुन्हा तेच असतात: समोर पाहणारे, ठळक आणि लांबून कळणारे. रेम्ब्रांटची म्हातारपणातली आत्मचित्रे चित्रकलेच्या दृष्टीने यांतल्या कोणाहीपेक्षा कमी नाहीत. पण त्यांचे सारे वैभव तपकिरी रंगाच्या बारीक छटांत आहे आणि सात सेंटिमीटरच्या प्लास्टिकवर तो नुसता अंधार होतो. शिवाय हे चित्र मालकापेक्षा समोरच्यालाच जास्त दिसते. मालक पडद्यात पाहत असतो, तेव्हा मोनालिसा समोर बसलेल्या प्रवाशाकडे बघत असते.

आता शाई. बाजारात कव्हर छापण्याच्या तीन पद्धती मुख्यतः चालतात आणि टिकाऊपणाचा बराचसा निकाल तिथेच लागतो.

कोपऱ्यावरच्या फोटो स्टुडिओत किंवा मगवर नाव छापून देणाऱ्या दुकानात जी होते ती सब्लिमेशनची छपाई. चित्र आधी खास शाईने कागदावर उलटे छापतात. मग तो कागद कव्हरवर दाबून हीट प्रेसमध्ये सुमारे १८० ते २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. कापूर जसा न वितळता हवेत विरतो, तशी ही शाई घनरूपातून थेट वायुरूपात जाते आणि कव्हरवरच्या पॉलिएस्टरच्या लेपात शिरते. रंग पृष्ठभागावर न राहता लेपाच्या आत गेल्यामुळे तो नखाने खरवडून निघत नाही आणि छटाही एकमेकींत मऊपणे मिसळतात. मोनालिसाच्या गालावरून सावली जिथे रेषेविना उतरते, तिथे हीच पद्धत सर्वांत कमी अन्याय करते. तिला दोन मर्यादा आहेत. पांढऱ्या किंवा फिक्या पृष्ठभागावरच ती चालते, आणि मऊ टीपीयूला इतकी उष्णता सोसत नाही. म्हणून दुकानदार दोन वाटा काढतात. ‘टूडी’ कव्हरात चित्र ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर छापून तो पत्रा रबरी कव्हराच्या खाचेत चिकटवतात. ‘थ्रीडी’ कव्हर सबंध पॉलिकार्बोनेटचे असते आणि व्हॅक्यूम यंत्रात चित्र कडांवरूनही वळवून छापले जाते.

दुसरी पद्धत यूव्ही छपाईची. इथे यंत्र शाईचे सूक्ष्म थेंब थेट कव्हरवर सोडते आणि अतिनील प्रकाशाने ते जागच्या जागी घट्ट होतात. काळ्या किंवा पारदर्शक कव्हरवर आधी पांढऱ्या शाईचा थर द्यावा लागतो. तो नीट बसला नाही तर चेहरा आजारी दिसतो. थरावर थर देऊन उंचवटे करता येतात, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य. व्हॅन गॉगच्या १८८९ सालच्या आत्मचित्रातली मागची निळसर भोवऱ्यांची पार्श्वभूमी अशा कव्हरवर बोटांना जाणवते. हे उंचवटे मूळ फटकाऱ्यांचे नसून संगणकाने अंदाजाने बेतलेले असतात, ही बाब वेगळी. मऊ कव्हर वाकते, शाई तितकी वाकत नाही. म्हणून टीपीयूवरची यूव्ही छपाई आधी कोपऱ्यांना तडकते आणि मग सोलते.

तिसऱ्या पद्धतीत चित्र पातळ फिल्मच्या आतल्या बाजूला छापतात आणि साच्यात त्या फिल्मच्या मागे प्लास्टिक ओततात. शाई दोहोंच्या मध्ये बंद होते, ओरखडे फिल्मवर पडतात, रंगाला धक्का लागत नाही. टिकाऊपणात ही पद्धत सरस. पण तिला साचा लागतो, आणि साच्याचा खर्च भरून निघायला एकच चित्र हजारोंनी खपावे लागते. त्यामुळे असे कव्हर मोनालिसाचे किंवा फ्रिडाचे निघते. अमृता शेरगिलचे आत्मचित्र किंवा महादेव विश्वनाथ धुरंधरांनी काढलेले एखादे व्यक्तिचित्र हवे असेल, तर एक-एक प्रत काढणाऱ्या पहिल्या दोन पद्धतींकडेच वळावे लागते.

कोणतीही पद्धत घेतली, तरी काही रंग हातचे जातातच. छापखान्याच्या चार शाया पडद्यावरचा प्रत्येक रंग गाठू शकत नाहीत. गडद, तेजस्वी निळा त्यांना सर्वांत जड जातो. व्हर्मीरने त्या मुलीच्या फेट्याला वापरलेला निळा अफगाणिस्तानातल्या लाजवर्द या रत्नापासून केलेला. कव्हरवर तो कधी जांभळट येतो, कधी मळकट. क्लिम्टने खऱ्या सोन्याचा वर्ख लावला होता; साध्या छपाईत तो हळदीच्या आणि मातीच्या मधला कुठलातरी रंग होतो. सोनेरी फॉइल दाबून काही उत्पादक हा प्रश्न सोडवतात. तेवढे केले तरी ते कव्हर इतरांत उठून दिसते.

मूळ छायाचित्रच वाईट असेल, तर शाईला दोष देण्यात अर्थ नाही. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमला एकदा आढळले, की त्यांच्याकडच्या व्हर्मीरच्या ‘दूध ओतणारी’ या चित्राच्या दहा हजारांहून अधिक प्रती इंटरनेटवर फिरत आहेत आणि त्यांतल्या पुष्कळ पिवळट आहेत. लोकांना पिवळीच खरी वाटू लागली आणि संग्रहालयाच्या दुकानातले अचूक पोस्टकार्ड खोटे. यावर संग्रहालयाने बंदी घालण्याचा मार्ग धरला नाही. उत्तम दर्जाच्या प्रतिमा त्यांनी स्वतःच खुल्या केल्या. २०१२ साली सुरू झालेल्या राइक्सस्टुडिओ या सेवेतून स्वामित्वहक्क संपलेल्या चित्रांची मोठी छायाचित्रे कोणालाही फुकट उतरवून घेता येतात आणि वस्तूंवर छापून विकताही येतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ साली पावणेचार लाख प्रतिमा अशाच खुल्या केल्या. कव्हरच्या गरजेच्या मानाने हे ऐश्वर्य अफाट आहे. इंचाला ३०० ठिपके या हिशेबाने फोनच्या पाठीला जेमतेम १५ लाख पिक्सेल पुरतात. राइक्सम्युझियमने २०२२ साली रेम्ब्रांटच्या ‘नाइट वॉच’चे प्रसिद्ध केलेले छायाचित्र ७१७ अब्ज पिक्सेलचे आहे. तरीही बाजारातली कित्येक कव्हरे कोणत्यातरी संकेतस्थळावरून उचललेल्या, डाग पडलेल्या, तिसऱ्या हातच्या प्रतीवरून छापली जातात.

राइक्सम्युझियममध्येच विट्सन अल्बम या नावाने ओळखला जाणारा, सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या दख्खनी चित्रांचा संग्रह आहे आणि त्यात शिवाजी महाराजांचेही चित्र आहे. महाराष्ट्रात महाराजांच्या प्रतिमेची कव्हरे अमाप खपतात. त्यांवर बहुतकरून अलीकडच्या चित्रकारांनी किंवा संगणकावर केलेल्या प्रतिमा असतात. महाराजांच्या काळाला सर्वांत जवळची चित्रे त्यांच्या मानाने क्वचितच कव्हरवर येतात.

हक्कांचा प्रश्न वरवर सोपा वाटतो. भारतात १९५७च्या स्वामित्वहक्क कायद्याप्रमाणे चित्रकाराच्या हयातीनंतर ६० वर्षे हक्क टिकतो. लिओनार्दो, व्हर्मीर, व्हॅन गॉग यांचा प्रश्नच येत नाही. राजा रविवर्मा १९०६ साली गेले, अमृता शेरगिल १९४१ साली, धुरंधर १९४४ साली. त्यांची चित्रे केव्हाच मोकळी झाली. आपली चित्रे कव्हरांवर छापली जातात, याचे रविवर्म्यांना तर नवल वाटले नसते. १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेल्या त्यांच्या छापखान्यातून निघालेल्या शिळाछापांनी घरोघरच्या भिंती भरल्या. त्यांची चित्रे कॅलेंडरांवर आणि काडेपेट्यांवरही आली, आणि हौशी बायकांनी त्या छापील लक्ष्मी-सरस्वतींना जरी-टिकल्या चिकटवून नटवले.

फसगत होते ती चुकीच्या नावामुळे. तळहाताआड समईची ज्योत जपत उभी असलेली साडीतली स्त्री हे चित्र सर्रास रविवर्म्यांच्या नावावर खपते. ते सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांनी जलरंगात केले, स्वतःच्या मुलीला समोर उभे करून. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. हळदणकर १९६८ साली गेले. त्यामुळे साठ वर्षांची मुदत २०२८च्या अखेरीस पुरी होते. रविवर्म्यांचे, म्हणून मोकळेच, असे समजून ते छापणारा उत्पादक कायद्याच्या दृष्टीने निर्धास्त नाही.

देशाबाहेर माल विकायचा तर गुंता वाढतो. फ्रिडा कालो १९५४ साली गेली. भारतात तिची चित्रे २०१५पासून मोकळी आहेत. मेक्सिकोत मात्र मुदत मृत्यूनंतर शंभर वर्षांची आहे. शिवाय तिचे नाव आणि चेहरा यांवर वेगळे दावे आहेत. २०१८ साली तिच्या रूपातल्या बार्बी बाहुलीच्या विक्रीवर मेक्सिकोतल्या न्यायालयाने तात्पुरती बंदी आणली होती. इटलीचे तर तंत्रच निराळे. तिथल्या २००४च्या सांस्कृतिक वारसा कायद्याप्रमाणे सरकारी संग्रहातल्या शेकडो वर्षे जुन्या कृतीची प्रतिमा धंद्यासाठी वापरायलाही परवानगी आणि शुल्क लागते. बोत्तिचेल्लीची व्हीनस कपड्यांवर छापल्याबद्दल फ्लॉरेन्सच्या उफ्फिझी संग्रहालयाने २०२२ साली जाँ पॉल गोतिए या फ्रेंच फॅशनगृहाला न्यायालयात खेचण्याचे पाऊल उचलले. लिओनार्दोच्या एका रेखाटनाचे कोडे विकणाऱ्या रावेन्सबुर्गर या जर्मन कंपनीच्या बाजूने २०२४ साली श्टुटगार्टच्या न्यायालयाने कौल दिला, की हा कायदा इटलीबाहेर लागू होत नाही. मोनालिसा फ्रान्समध्ये आहे, हे कव्हरवाल्यांच्या पथ्यावर पडले आहे.

विकत घेताना पाहण्याजोग्या गोष्टी थोड्या आहेत. पारदर्शक टीपीयू ऊन आणि हवेने हळूहळू पिवळे पडते. हा मळ नव्हे, प्लास्टिकातलाच रासायनिक बदल, त्यामुळे घासून तो जात नाही आणि त्याखालचा गोरा चेहरा कावीळ झाल्यासारखा दिसू लागतो. ॲल्युमिनियमचा पत्रा बसवलेले टूडी कव्हर वायरलेस चार्जिंगच्या आड येते. पत्रा तापतो, फोन चार्ज होत नाही. रंग आधी जातो तो कडांवरून, कारण तळव्याचा घाम आणि घर्षण तिथेच जास्त. यूव्ही छपाईवर सॅनिटायझर वारंवार चोळू नये. ओल्या मऊ फडक्याने पुसणे पुरते.

कव्हरचे आयुष्य मात्र शाईपेक्षा फोनच ठरवतो. नवा फोन आला, की कॅमेऱ्याची जागा काही मिलिमीटरने सरकलेली असते आणि धडधाकट कव्हर निकामी होते. पॉलिकार्बोनेट, टीपीयू, शाई, गोंद आणि कधी चुंबक हे सारे एकजीव झाल्यामुळे भंगारवालाही त्याला हात लावत नाही. चित्राची हौस आणि कचऱ्याची चिंता दोन्ही असणाऱ्यांसाठी एक जुजबी तोड आहे: पारदर्शक कव्हर घ्यावे आणि फोन व कव्हर यांच्यामध्ये चित्राची कागदावरची छापील प्रत सरकवावी. कागद पातळ असल्याने चार्जिंगला अडथळा येत नाही, रंगाला बोटे लागत नाहीत आणि कॅमेऱ्याचे भोक कुठे कापायचे व चेहरा कुठे ठेवायचा हे कात्री हातात असणाऱ्याला स्वतः ठरवता येते.